काकींच्या फोनातल्या खुणा

गावात मासे विकणाऱ्या एक काकी ग्रामसभेला नेहमी माझ्या शेजारी बसतात. सभा सुरू झाली की मांडीवर फोन ठेवून रेकॉर्डिंग लावतात. कोणी काही कबूल केलं, की लगेच खुणेचं बटण दाबतात आणि एका बोटाने त्या खुणेला नाव देतात: 'नळ', 'दवाखानो', 'वाट'. पुढे ते नाव दाबलं की बोलणं नेमकं तिथूनच ऐकू येतं.

गेल्या सभेत कळलं, की होड्या किनाऱ्यावर न्यायच्या वाटेवर हॉटेलचं कुंपण येणार.

"वाट मोकळी ठेवतलंय, असा मी कधी बोललंयच नाय," सरपंच म्हणाले.

काकींनी 'वाट' दाबलं.

"वाट मोकळी ऱ्हवतली, माझो शब्द आसा." आवाज सरपंचांचाच होता.

सरपंच एकदम शुद्ध मराठीवर आले. "काकी, तो फोन आधी बंद करा."



"बंद करूचंय नाय," काकी म्हणाल्या. "तुमी आता बोललास, तां पण ह्येच्यात गेला."

आणि सगळ्यांसमोर त्यांनी सावकाश नवी खूण केली. मी डोकावून पाहिलं. नाव लिहिलं होतं, 'सरपंच घाबरलो'.