गोळीचा सुट्टीचा आठवडा

आमच्या घरमालकीण काकू नसत्या, तर तो आठवडा मी माझ्याच हाताने बिघडवला असता. आम्ही सोलापूरकडचे. नवरा इथे रत्नागिरीत चिरेखाणीवर कामाला आहे, माझी शाळा चौथीतच सुटलेली. माझ्या छातीतला कॅन्सर हाडांत गेला, तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली. तीन आठवडे घ्यायची, चौथ्या आठवड्यात सुट्टी. हे ऐकायला काकू माझ्याबरोबर आल्या होत्या.

सुट्टी म्हटलं की मला धडकीच भरते. खाणीवर सुट्टी म्हणजे खाडा, त्या दिवसाची मजुरी नाही. वाटलं, मी बसून राहिले तर आजार तेवढाच पुढे पळेल. म्हणून सुट्टीच्या दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर गोळ्यांचं नवं पाकीट फोडलं. तेवढ्यात काकू घावणे घेऊन आल्या.

"अगो, ठेव ती खाली! तुम्हा घाटावरच्यांना आठवडाभर बसवत नाही काय?"

त्यांनी लगेच हॉस्पिटलात फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

सिस्टर म्हणाल्या, "ताई, ही गोळी कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखते, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी करते. या आठवड्यात त्या भरून येतात. सुट्टी औषधातच धरलेली आहे."

"म्हणजे भरपगारी!" मी म्हटलं.

काकू हसून हसून खालीच बसल्या. मीही निर्धास्त होऊन चार घावणे खाल्ले.

काकू, अंगात जोर आला की तुम्हाला आमच्या गावी नेणार. गरम भाकरी मी वाढीन, तुम्ही आठवडाभर नुसतं बसायचं. भरपगारी.