वचनाच्या पुढची ओळ

आमच्या घरात बायबल वाचत नसत, काढत असत. हात धुवायचे, डोळे मिटायचे, पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं आणि पानावर बोट टेकवायचं. बोटाखाली जी ओळ येईल ते देवाचं उत्तर. याला आम्ही वचन काढणं म्हणायचो. पद्धत बाबांची. माझी नोकरी, माझं स्थळ, इतकंच काय, गच्चीवर खोली बांधायची की नाही, हेसुद्धा बोटावर ठरलं. आणि नियम एकच होता: वचन मिळालं की पुस्तक मिटायचं. पुढची ओळ वाचणं म्हणजे हाव. देवानं वाढलं तेवढं घ्यावं, पुन्हा ताट पुढे करू नये, असं बाबा म्हणत.

मला या प्रकाराची चीड यायची. देवाला काय दुसरी कामं नाहीत, असं मी कितीदा तरी बोलून दाखवलं. पण तो नियम अंगात एवढा मुरलेला की पुढची ओळ वाचायला डोळा वळायचाच नाही.

गेल्या नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ होरपळत्या दिवसांत, आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, बऱ्या होतील, फक्त वेळ घालवू नका. आईनं मान डोलावली. प्रताप नगरला घरी आलो, तिनं हात धुतले आणि वचन काढायला बसली. मी समोरच होते. पुस्तक उघडलं आणि बामाचा वास आला. बाबांचा वास. शेवटच्या वर्षात ते दिवसभर कपाळाला बाम चोळत बसायचे. त्यांना जाऊन बराच काळ लोटला होता, घरात बामाची डबीसुद्धा उरली नव्हती.

आईनं बोटाखालची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. घरातलं सगळं मार्गी लावून घे, तुझी वेळ भरली आहे, असा त्या ओळीचा अर्थ होता.

"योगायोग आहे. पुन्हा काढ," मी म्हटलं.

पुन्हा काढणं नियमात बसत नव्हतं, पण माझ्या हट्टापायी तिनं काढलं. तेच पान, तीच ओळ, तोच वास. मग मी पुस्तक ओढून घेतलं, डोळे मिटले आणि स्वतः बोट टेकवलं. डोळे उघडले तर बोट त्याच ओळीवर. बाहेर लू वाहत होती आणि माझे हात गार पडले होते.

"ते बोलावून राहिले मले," आई म्हणाली. आवाजात भीती नव्हती, रडू नव्हतं. स्टेशनवर कोणी वाट बघतंय, असा सूर होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं निरवानिरव सुरू केली. दुपारी शेजारणींना बोलवायची आणि कोणाला पातेलं, कोणाला पितळी डबा, कोणाला चांगली साडी देऊन टाकायची. फळ्या रिकाम्या झाल्या. रिकाम्या घरात कूलरची घरघर वेगळीच ऐकू यायची, आतल्या खोलीत कोणी घोरतंय असं वाटायचं. दवाखान्याचं नाव काढलं की ती फक्त हसायची. मी भांडले, रडले, जेवण सोडलं. काही उपयोग झाला नाही. आई आपल्याच हातांनी स्वतःला संपवते आहे आणि मी नुसती बघते आहे, याचा संताप मला झोपू देत नव्हता.

मग ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. बाबाही शेवटी याच पलंगावर, याच कुशीवर पडून असायचे. ते दवाखान्यात यायला तयारच झाले नव्हते. का, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही त्याला हट्ट म्हटलं आणि सोडून दिलं. एका दुपारी मी चहा घेऊन आत गेले. चादरीखालची ती पाठ बघितली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, चहा."

"हूं," आई म्हणाली. वळली मात्र नाही.

कप कसाबसा ठेवून मी बाहेर आले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम करते. आमच्याकडे मालासोबत बिल्टी, म्हणजे मालाची पावती येते, आणि तिच्यावरची एकच ओळ वाचून कोणी माल उतरवून घेत नाही. कोणी पाठवला, कोणाला, कुठून निघाला, सगळं बघायचं, मगच ट्रकला हात लावायचा. आयुष्यभर परक्यांच्या बिल्ट्या नीट वाचल्या, आणि घरातली ही कधी वाचली नव्हती. पुस्तक त्याच पानावर उघडलं. मी त्या ओळीच्या वरून सुरुवात केली.

एक राजा आजारी होता. ती ओळ एका संदेष्ट्यानं त्याला सांगितली होती. मी नियम मोडला आणि पुढे गेले. पुढे लिहिलं होतं की ते ऐकून राजानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आईनं ही ओळ वाचलेलीच नव्हती. मी दारातून आत बघितलं. ती तशीच पडून होती.

मी आत जाऊन तिला हलवलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. तिनं कानांवर हात ठेवले. "पुढं नको वाचू वं! असं नाही करत!"

"काहून नाही? त्यानंच लिहून ठेवलं ना पुढचं?" मी ओरडले आणि वाचत राहिले. राजा ढसाढसा रडला. संदेष्टा परत आला. राजाला आणखी वर्षं मिळाली. आणि शेवटी, गळवावर अंजिराचा लेप लावा, म्हणजे तो बरा होईल.

आईचे हात कानांवरून खाली आले. "लेप लावला?"

"हो. देवानं शब्द दिला होता, तरी औषध लावलंच."

"म्हणजे मलेबी वर्षं भेटतीन?"

हो म्हणणं सोपं होतं. पण मग मीही वचनच काढलं असतं. "ते मले नाही माहीत, आई. ही बिल्टी त्या राजाच्या नावाची आहे. तुह्या नावाची नाही. अन् बाबानं पाठवलेलीबी नाही."

ती उठून बसली. पुस्तक घेऊन खिडकीशी गेली, पडदा सारला आणि पान उन्हात धरलं. त्या पातळ कागदावर, नेमक्या त्या ओळीवर, अंगठ्याएवढा तेलकट डाग होता. बामाचा. त्यातून ऊन पलीकडे येत होतं. कितीदा तरी तिथे बाबांचा अंगठा टेकला असेल, म्हणून तर पुस्तकाची पाठ त्याच पानाशी मोडली होती. डागाच्या खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या करकरीत होत्या, बोटही न लागलेल्या.

आई त्या कोऱ्या भागावरून बोट फिरवत राहिली.

"त्याईनं पुढं वाचलंच नाही वं," ती म्हणाली.

लेपाची ओळ त्या डागापासून अर्ध्याच पानावर होती.

ऑपरेशन झालं, आई घरी आली. आता आम्ही रोज दुपारी थोडं थोडं वाचतो, सुरुवातीपासून, कोण कोणाला काय म्हणतंय ते बघत. पण पुस्तक अजूनही आपसूक त्याच पानावर उघडतं, वासही येतो. मग आई आधी तेच वाचते. पलंगावर बसून, भिंतीकडे तोंड करून, थेट लेपापर्यंत, चढ्या आवाजात.

"एवढ्या मोठ्यानं काहून वं आई?" मी एकदा विचारलं.

"त्याईले ऐकू जायले पाहिजे ना," ती म्हणाली.