कंद नसलेला लव्हाळा

आमच्या कॉलेजात एक जुनी थट्टा आहे: आदगोंडाच्या झाडांना पाय नसतात. आदगोंडा पाटील वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांची कपाटं त्याच्या ताब्यात, आणि त्यातली पावसाळ्यात आणलेली सगळी झाडं जमिनीलगत कात्रीनं कापलेली. आदगोंडा जैन. चातुर्मासात कंद खणायचा नाही, असा त्याचा नेम. आठ वर्षांपूर्वी आई, आक्काताई, सांगलीला दवाखान्यात अत्यवस्थ होत्या, तेव्हा त्यानं त्यांच्या उशाशी बसून तो शब्द दिला होता. आई बऱ्या झाल्या, नेम राहिला.

तसा हा बारावी नापास गृहस्थ लव्हाळ्यातला मोठा जाणकार. कृष्णेच्या काठावर जे हिरवं उगवतं ते आपल्याला सगळं गवतच. आदगोंडाला त्यात लव्हाळ्याच्या एकोणीस जाती दिसत. देठ चिमटीत धरून फिरवायचा. गवताचा गोल असतो, गरकन फिरतो. लव्हाळ्याचा तिकोनी, बोटाला कड लागते. ही सवय इतकी भिनलेली, की लग्नाच्या पंगतीत तो आमटीतली कोथिंबिरीची काडीसुद्धा फिरवून बघायचा.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात भिलवडीच्या खालच्या अंगाला त्याला विसावी जात भेटली. तुऱ्यावर तांबूस खवले, प्रत्येकाला पांढरी कड. कुठल्याच पुस्तकात बसेना. त्यानं तुरा, देठ, पानं पुण्याच्या एका तज्ज्ञ बाईंना पाठवली. आठ दिवसांत फोन आला.

"पाटील, हे नवीन असू शकतं. पण जमिनीखाली काय आहे? गाठ एकटी आहे की माळेसारख्या जोडलेल्या आहेत? ते बघितल्याशिवाय जात ठरत नाही. कंद पाठवा. ठरली, तर शोधणारा म्हणून तुमचं नाव लागेल."

त्या दिवशी आदगोंडानं चहात साखर समजून मीठ घातलं, आणि तो चहा पूर्ण प्याला.

कॉलेजचा शिपाई धनाजी, आटपाडीकडचा धनगर, त्याचा जिवलग. तो म्हणाला, "मग खण की रं. न्हाईतर मी खणतो. आमाला कुठला आलाय चातुर्मास?"

"तसं न्हाई गड्या. सोता करणं, दुसऱ्याकडनं करवून घेणं आनि करणाऱ्याला बरं म्हणणं, तिन्हीचं पाप सारकंच."

"मग मी खणतो, तू मला शिव्या घाल. बरं म्हनूच नगंस!"

आदगोंडा पोट धरून हसला. "दिवाळी झाली की मीच खणतो. पळून चाललाय व्हय त्यो?"

लव्हाळा पळाला नाही. दसऱ्यानंतर काठाची धूप थांबवायचं काम निघालं. भाऊबीज आटोपून आदगोंडा खुरपं घेऊन गेला, तर काठ जेसीबीनं खरवडलेला आणि वर जाळीत बांधलेले दगड. शंभर पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालला. दगडांच्या फटीत खुरप्याचं टोक घालून बघितलं. मग घरी येऊन जेवायला नको म्हणाला.

आक्काताईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

"खणायचं न्हाई? मी कवा म्हनलं रं?"

"आगं आई, दवाखान्यात. कंद खणणार न्हाई म्हन, असं म्हनलीस की."

"खाणार न्हाई म्हन, असं म्हनलं हुतं! बटाटा, रताळं. आपुन शेतकरी मानसं, चातुर्मासात भुईमूग काय मंत्र म्हनून वर काढतुया?"

त्या वेळी दवाखान्यात नर्सनं त्यांची कवळी काढून डबीत ठेवली होती.

"मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? तू काड्या चिकटवतुयास, एवडंच मला ठावं."

पुण्याच्या बाई हळहळल्या, पण नाव द्यायला तयार झाल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं. कागदावर 'सायपेरस एसपी' एवढंच लिहिलं गेलं. धनाजीनं ते वाचलं. "आयला, गवत एकदम एसपी झालं की! आदूदादा, आता सलाम ठोकायला लागंल."

एरवी धनाजीच्या कोट्यांना आदगोंडा टाळी द्यायचा. त्यानं चष्मा पुसला. "वंश कळला, जात कळली न्हाई, असा त्याचा अर्थ असतुया," म्हणाला.

तेव्हापासून भाद्रपदातल्या प्रत्येक रविवारी तो एसटीनं नदीच्या वरच्या अंगाला जातो. कराड झालं, पाटणपर्यंत कोयनेचे काठ झाले. गेल्या वर्षी पाटणच्या खाली त्याला पांढऱ्या कडेचा तुरा दिसला म्हणे. गुडघे टेकून त्यानं नेम धरल्यापासूनचा चातुर्मासातला पहिला कंद खणला. धनाजी बरोबर होता. वर आली ती काळ्या गाठींची माळ. साधा नागरमोथा, कुठल्याही बांधावर मिळतो तसला. तुऱ्यावरची पांढरी कड म्हणजे नुसता वाळलेला चिखल होता.

आदगोंडानं तो मोथा पुन्हा खड्ड्यात ठेवला, दोन्ही हातांनी माती लोटली आणि नदीवर हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता. परतीची एसटी त्यांची चुकली.