डार्लीनबाईंची ट्राम

मिलवॉकीत डार्लीन होस्किन्स शाळेची बस चालवायची. दर वर्षी मुलांना संग्रहालयापाशी सोडलं की ती बसमध्येच विणत बसायची. जुन्या वस्तू बघण्यात तिला रस नव्हता. एका जानेवारीत बसचा हीटर बंद पडला, तेव्हा शिक्षिकेनं तिला हट्टानं आत नेलं. तिथे शहरातली जुनी लाकडी ट्राम ठेवली होती. डार्लीन चालकाच्या जागेवर बसली, पितळी दांडा फिरवू लागली आणि वेळ विसरली. शेवटी मुलंच तिला शोधत आली.

"डार्लीनबाई, आज तुम्हीच हरवलात. घरी जायचंय ना?"

"थांबा रे, पुढच्या स्टॉपपर्यंत तरी जाऊ द्या," ती म्हणाली.

मुलं हसत मागच्या बाकांवर बसली. त्या रविवारी ती नवऱ्याला घेऊन आली आणि सगळं संग्रहालय फिरली.