तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

दादाच्या दुकानातून चष्मा करून घ्यायचा तर नजरेपेक्षा धीर चांगला लागतो, असं त्या गल्लीत म्हणत. कारखान्यातून भिंगं आली की तो ती यंत्राखाली धरायचा आणि नंबर बरोबर असूनही अक्ष दोन अंशांनी सरकलेला दिसला तर जशीच्या तशी परत पाठवायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालेल हो." दादा म्हणायचा, "तुम्हाला चालेल, डोळ्यांना चालणार नाही. गुरुवारी या." गुरुवारी आलेलं गिऱ्हाईक पुढच्या गुरुवारी परत यायचं. चष्मा हातात पडेपर्यंत नंबर बदलतो, हा गल्लीतला जुना विनोद होता, आणि तो सांगणारे सगळेजण चष्मे त्याच्याकडूनच घेत.

दिवसभर तो लोकांना एकच गोष्ट विचारायचा. "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" लोक पटकन सांगून मोकळे होत. असाच एखादा प्रश्न त्याच्यावर उलटला की मात्र घोडं अडायचं. दुकानाच्या दाराला हिरवा रंग द्यावा की करडा, यावर त्याने दोन वर्षं काढली, तोवर दारच गंजलं आणि नवं आणावं लागलं. ते आलं तेच करडं होतं, म्हणून सुटला. लग्नाच्या वेळीसुद्धा तो 'हो' म्हणालाच नव्हता, असं त्याची बायको अजून सांगते. तो 'बघू' म्हणाला होता, आणि बाकीच्यांनी सोयीचा अर्थ काढला.

अशा माणसाची सख्खी धाकटी बहीण एका रविवारी जेवता जेवता म्हणाली, "दादा, मी धरण पार करणार आहे. पोहत."

दादाने घास खाली ठेवला. धरणाचा जलाशय या टोकाच्या पंपघरापासून त्या टोकाच्या धक्क्यापर्यंत सोळा किलोमीटर. पाणी डोंगरातून येणारं, भर उन्हाळ्यातही दात वाजवणारं. लोक त्यात पाय सोडून फोटो काढत आणि पाय लगेच वर घेत.

"बघू," दादा म्हणाला.

"बघायचं काही नाही. तारीख ठरली."

घरात तिला चिमी म्हणत. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून ते नाव पडलं, आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी तिचे खांदे दारातून तिरके न्यावे लागत तरी ते काही बदललं नाही. चालता न येणाऱ्या मुलांच्या शाळेत ती सेविका होती. शाळा तीन मजली. अशा मुलांची शाळा तीन मजली बांधायची अक्कल ज्याने चालवली तो केव्हाच बढती घेऊन निवृत्त झाला होता. लिफ्ट होती, ती आठ वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून एकेक मूल पाठीवर घेऊन चिमी वर जायची आणि सुट्टी झाली की खाली आणायची. मुलं वर्षागणिक जड होत होती, सेविकेला मात्र वर्षागणिक गुडघे तेवढेच मिळत होते. अर्ज झाले, शिष्टमंडळं झाली, एक साहेब पाहणीला आले आणि जिना चढून दमले म्हणून पहिल्या मजल्यावरूनच परत गेले.

शेवटी बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकाने शब्द दिला. चिमीने धरण पार केलं, तर नवी कोरी लिफ्ट तो बसवून देणार. पण पार करायचं म्हणजे पूर्ण. बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, भीत भीत विचारलं की अर्ध्यातून बाहेर यावं लागलं तर. मालक हसून म्हणाला, "अर्धी लिफ्ट कशी बसवायची, ते तुम्हीच सांगा." सगळे हसले. दानशूर माणसाच्या विनोदाला हसावंच लागतं.

पोहण्याच्या मंडळाचे एक निवृत्त शिक्षक तयारी करून घेत होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीमास्तर म्हणत. त्यांनी चिमीच्या घरी येऊन नियम सांगितले. बरोबर एक होडी राहील. पोहणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, खाणं लांब काठीला बांधलेल्या पेल्यातून द्यायचं. आणि होडीत घरचं एक माणूस हवं.

"थंडीनं आधी हातपाय जात नाहीत," मास्तर म्हणाले. "आधी डोकं जातं. माणूस पोहत राहतो, पण आपण कुठं आहोत हे त्याला कळत नाही. मग एकाएकी बुडतो. म्हणून दर तासाला तीन प्रश्न विचारायचे. साधे, घरचे. उत्तरं फक्त होडीतल्या घरच्या माणसाला माहीत पाहिजेत. एक जरी चुकलं, तर मी शिट्टी वाजवणार आणि बाहेर काढणार. तिथं माझ्या बापाचंही ऐकणार नाही."

"होडीत दादा बसेल," चिमी म्हणाली.

घरात हशा पिकला. दादाची बायको म्हणाली, "मला न्या. मी पहिल्या तासातच केसाला धरून बाहेर काढीन." चिमी म्हणाली, "म्हणूनच नको, वहिनी." त्यावरून सगळ्यांनी समजायचं ते समजून घेतलं. दादाला न्यायचा म्हणजे हिला थांबवावं की थांबवू नये हे त्याचं ठरेपर्यंत ही पलीकडच्या धक्क्यावर पोहोचलेली असेल. गल्लीत दोन दिवस हेच चाललं. दादालाही ते खरंच वाटलं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे हे त्याला ठरवता आलं नाही.

त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. बाबा टपालखात्यात होते. रविवारी ते दोघांना गावाबाहेरच्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यावर न्यायचे. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं म्हणून त्यांनी चिमीला ढकललं आणि तिला खरंच आलं. दादा तीन उन्हाळे काठावर उभा राहिला, एका हातात तिचे कपडे, दुसऱ्या हातात बाबांचा चष्मा. उतरू की नको, हे चौथ्या उन्हाळ्यात ठरवायचं होतं. तोवर बाबांची बदली झाली.

प्रश्न काढायला त्याने चार दिवस घेतले. आठ तास धरले तर चोवीस प्रश्न. दुकानाचं दार ओढून घेऊन तो वहीत लिहायचा आणि खोडायचा. फार सोपा नको, फार अवघड नको, ऐन वेळी दोन उत्तरं निघतील असा तर मुळीच नको. आईला कुठल्या कानाने ऐकू येत नव्हतं. शाळेच्या जिन्याला पायऱ्या किती. तुला पोहायला कुणी शिकवलं. लिहून झाल्यावर त्याने ते सगळे पुन्हा तपासले आणि दोन बाद करून नवे घातले.

ठरल्या दिवशी उजाडताच चिमी पंपघराच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरली. अंगाला चरबी चोपडलेली, डोक्यावर पिवळी टोपी. दादा होडीत बसला तो एक जीवरक्षक जाकीट अंगात आणि दुसरं मांडीवर घेऊन. नावाडी म्हणाला, "पोहणार कोण आहे नक्की?" मास्तर हसले. दादा हसला नाही, त्याने मांडीवरचं जाकीट आणखी घट्ट धरलं.

पहिले चार तास मजेत गेले. चिमी प्रश्नांची उत्तरं अशी फेकायची, की मास्तरच वही बघत राहायचे. वर काठीच्या पेल्यातलं पिऊन म्हणायची, "दादा, साखर कमी आहे." पाचव्या तासाला मधलं बेट मागे पडलं आणि वारा फिरला. सहाव्या तासाला तिने साखरेचं काही म्हटलं नाही. उत्तरं बरोबर आली, पण एकेक उत्तर विहिरीतून ओढून काढल्यासारखं.

सातव्या तासाला तिचे ओठ काळेनिळे झाले होते. धक्का दिसत होता. त्यावर उभी असलेली माणसंही दिसत होती, दोन किलोमीटरही उरले नसतील. मास्तरांनी शिट्टी ओठांत धरली आणि तिला थांबवलं.

"जिन्याला पायऱ्या किती?"

ती पाण्यात उभी हलत राहिली. "एकसष्ट."

दादाने मान हलवली.

"आईचा बहिरा कान कुठला?"

"डावा."

दादाने मान हलवली.

"तुला पोहायला कुणी शिकवलं?"

तिचं तोंड पाण्याखाली गेलं, वर आलं. ती मास्तरांकडे बघत नव्हती. होडीकडे बघत होती, पण होडीतल्या कुणाकडे नव्हती.

"दादानं," ती म्हणाली.

मास्तर वळले. "बरोबर?"

"बरोबर," दादा म्हणाला.

एक श्वासही मध्ये गेला नाही. एक्कावन्न वर्षांत त्याने इतक्या पटकन कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मास्तरांनी शिट्टी सोडून दिली, "चल, पोरी" म्हणाले, आणि चिमी पुन्हा आडवी झाली.

मग त्याला कळलं आपण काय केलं ते. त्यानंतरची पन्नास मिनिटं तो होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून बसला. तिचा उजवा हात वर आला की त्याला वाटायचं, पोहोचेल. हात पाण्यात गेला की वाटायचं, आत्ता सांगावं, उत्तर चुकलं होतं, काढा तिला. तोंड तीनदा उघडलं. एकदा मास्तरांनी विचारलंही, "काय हो?" तो म्हणाला, "काही नाही." पुन्हा हात वर आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं त्याने आयुष्यभर दारांच्या रंगावरून भोगलं होतं. आता समोर बहीण होती. जीव मुठीत धरणं म्हणतात, पण त्याच्या मुठीतला जीव त्याचा स्वतःचा नव्हता.

ती पोहोचली. नियमाप्रमाणे स्वतःच्या पायांनी पाण्याबाहेर आली आणि तीन पावलांवर कोसळली. दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले की आणखी पंधरा मिनिटांनी आणली असती तर आम्ही फक्त कागद भरले असते. बिस्किटवाल्या मालकाने दादाचा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "काय धीराचा माणूस. आम्ही असतो तर केव्हाच घाबरून बाहेर काढली असती." गल्लीतले लोक दुकानात येऊन पाठ थोपटून गेले. बायकोसुद्धा म्हणाली की मी तुम्हाला ओळखलं नव्हतं हो. दादा भिंग पुसत राहिला. त्या महिन्यात त्याने सात चष्मे जास्त परत पाठवले.

चार महिन्यांनी लिफ्ट बसली. उद्घाटन वगैरे झालं, पाहुणे निघून गेले, मुलं आपापल्या वर्गांत गेली. चिमीने दादाला आत ओढलं. "ये, तुला तिसऱ्या मजल्यापर्यंत नेते. पाठीवर नाही, भिऊ नकोस."

दार मिटलं. लिफ्ट फार हळू होती, चाकाच्या खुर्च्यांसाठी तशीच असते.

"बेटाच्या पुढचं मला काहीही आठवत नाही," चिमी म्हणाली. "धक्का नाही, माणसं नाहीत, प्रश्न नाहीत. डोळे उघडले ते इस्पितळात."

दादा दारावरचे आकडे बघत होता.

"आणि सगळे म्हणतात तसं नाही हं, दादा. तुझं ठरेपर्यंत मी पोहोचेन म्हणून मी तुला नाही नेलं. तुझ्या हातून चुकीचा नंबर पुढं जात नाही, म्हणून नेलं. बाकी कुणीही लिफ्टकडं बघितलं असतं. मी पाण्यात डोकं घातलं आणि काळजी सोडून दिली. चुकले तर दादा काढेल."

दुसरा मजला गेला. दादाने चष्मा काढला आणि हातात धरला.

"सातव्या तासाला तिसरं उत्तर चुकलं होतं," तो म्हणाला.

"काय विचारलं होतं?"

"पोहायला कुणी शिकवलं."

"मी काय म्हणाले?"

"दादानं."

चिमी हसायला लागली आणि मध्येच थांबली. "तुला तर पोहताच येत नाही."

"नाही."

"मग मला काढलं का नाहीस?"

या प्रश्नाचं उत्तर तयार करायला त्याच्याकडे चार महिने होते. लिफ्टसाठी, असं सांगता आलं असतं. मुलांसाठी, असं तर फारच चांगलं दिसलं असतं. दोन्ही त्याने घासून पुसून पाहिली होती, आणि दोन्ही खरी नव्हती.

"तू माझं नाव घेतलंस, चिमे," तो म्हणाला. "मला ते खोटं आहे असं सांगवेना."

लिफ्ट थांबली. दार उघडलं तर समोर चाकाच्या खुर्चीत एक मुलगी वाट बघत होती, पहिल्यांदाच कुणाच्या पाठीवर न बसता खाली जायचं म्हणून नटून बसलेली. चिमीने दार धरून ठेवलं.

"मी मेले असते, दादा."

"हो," दादा म्हणाला.

 तिने त्याच्या हातातला चष्मा घेतला, त्याच्या डोळ्यांवर नीट बसवला, आणि खुर्ची आत घेतली. आता आत तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून दादा बाहेर आला. दार मिटलं आणि तो जिन्याने निघाला. एक मजला उतरून झाल्यावर तो पायरीवर बसला आणि रडला. खरं तर हे होडीतच व्हायला हवं होतं, पण त्याला रडायलाही चार महिने लागले.