उभ्या-आडव्या रेघा आणि सुगंधाबाईच्या मधमाशा

पोंभुर्ण्याच्या बाजारचौकात सुगंधाबाईची जिलबीची कढई होती. नवरा वारल्यावर तिनं दोन गोष्टी सोडल्या: डोक्यावरचा पदर आणि देवळाची पायरी. सन चोपन्नच्या उन्हाळ्यात रानातल्या मधमाशा तिच्या पाकावर तुटून पडल्या. त्यांना दूर न्यायला तिनं मागच्या मोहाच्या झाडाखाली गुळाच्या पाण्याची बशी ठेवली. दोनच दिवसांत माशा तिच्याआधी तिथे हजर होऊ लागल्या.

तिच्या बाकावर दोघे रोज बसायचे. देवाजीच्या कपाळावर उभं गंध, गुणवंतरावांच्या कपाळावर भस्माचे आडवे पट्टे. कोणाचा देव मोठा, यावरून दोघांचा चहा थंड होई. सुगंधाबाईचे कान किटले होते.

तिनं दोन पाट्या चुन्यानं पांढऱ्या केल्या. कोळशानं एकीवर आडव्या रेघा ओढल्या, दुसरीवर उभ्या. आडव्यांखाली गुळाचं पाणी, उभ्यांखाली साधं. माशांनी जागा पाठ करू नये म्हणून ती पाट्यांची अदलाबदल करत राहिली. पाचव्या दिवशी तिनं बशा धुऊन रिकाम्याच ठेवल्या आणि पाट्याही नव्या केल्या. रेघा कुठे जाड, कुठे बारीक, कुठे दोनच. तरी माशा आडव्यांवरच उतरल्या. झारा हातात घेऊन ती बघतच राहिली. रेघ कुठलीही असो, त्यांना आडवेपणा कळला होता!

तिनं दोघांना मागे नेऊन दाखवलं, कारण मात्र सांगितलं नाही. ही महादेवाचीच लेकरं, असं गुणवंतरावांनी जाहीर केलं. देवाजी चहा टाकून निघून गेला.

तिनं गूळ उभ्या रेघांखाली हलवला. आठवड्यानं, माशा फिरल्याचं कानावर येताच, देवाजी अख्खं भजनी मंडळ घेऊन आला. माशा उभ्या रेघांवर पाहून त्यांनी तिथेच टाळ काढले. गुणवंतराव म्हणाले, माशा फितवल्या. दुपार कलली तरी भजन थांबेना, गिऱ्हाईक कढईपर्यंत पोचेना, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं.

"देवाजीभाऊ, त्याइले तुमचा देवई दिसत नाई अन् ह्याइचाई. गूळ कुठी हाये, तेवढं त्याइले समजते."

दोघंही रागावून गेले. पण गावात दुसरी जिलबी नव्हती. चौथ्या दिवशी परतले, देवाचं नाव न काढता बसले. मग गुणवंतरावांनी हळूच विचारलं, माशा आडव्या रेघा किती दिवसांत शिकल्या?

"चार."

"अन् उभ्या?" देवाजीनं विचारलं.

"सहा. पयले आडव्या इसराव्या लागल्या ना."

गुणवंतराव मिशीत हसले. देवाजीनं चहाची बशी खाली ठेवली आणि भांडण पुन्हा सुरू झालं.