एक कान घराकडे

त्या दुपारी फोनवर सुरेखाचं नाव दिसलं आणि मी हसतच फोन उचलला. वांद्र्याच्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. पलीकडून हंसाबेनचा आवाज आला. हंसाबेन म्हणजे बोरीवलीला सुरेखाच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गुजराती बाई. ‘‘वंदनाबेन, तुम्ही लवकर या नी... सुरेखाला काय तरी झाला...’’ मी म्हटलं, ‘‘पुरे गं आता, मला काम आहे.’’ कारण हंसाबेनचा आवाज काढून मला फोन करणं हा सुरेखाचा आवडता उद्योग होता. गेल्या काही वर्षांत मी कितीदा फसले असेन. ‘‘झकास जमलाय आज,’’ असंही मी म्हटलं. पलीकडे कोणीतरी रडायला लागलं. सुरेखा नकलेत कधी रडत नसे... तेव्हा मला कळलं, की ह्या खरोखरच्या हंसाबेन आहेत.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिच्या सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून ‘‘सुरेखा, चाय दी गो’’ अशी हाक मारत होत्या. लोक ये-जा करत होते, कोणी फोनवर बोलत होतं, आणि त्या सगळ्यातून ती हाक थोड्या थोड्या वेळाने येतच होती.

सुरेखा आणि मी दिंडोशीच्या एकाच वसाहतीत वाढलो. दोघींचेही वडील गिरणीत होते, दोघींचीही घरं कोकणातली. गिरण्या बंद पडल्यावर घराघरांत जो एक गप्पपणा आला होता, त्यातही सुरेखाच्या घरातून मात्र हसण्याचे आवाज येत, कारण ती कोणाची तरी नक्कल करत असे. गणपतीत मंडपाच्या स्टेजवर तिचा कार्यक्रम ठरलेला. मंडळाच्या सेक्रेटरीचं भाषण, मासेवालीशी भांडणारी जोशीकाकू, शाळेतले खाकरणारे सर. ती उभी राहायची एकटीच, पण स्टेजवर गर्दी झाल्यासारखं वाटायचं. सेक्रेटरी स्वतः पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत हसायचे. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, ही पुढे काहीतरी करणार. तिलाही वाटत असावं. पण ‘काहीतरी’ म्हणजे काय आणि ते कुठे जाऊन करतात, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलगा झाला आणि ती बोरीवलीची झाली. इथे आयुष्य तसंच सरकतं.

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच सुमारास सासूबाई विसरायला लागल्या. आधी गॅस, मग दिवस, मग माणसं. एकदा त्या घरातून निघाल्या आणि लिंक रोडवर भर ट्रॅफिकमध्ये उभ्या सापडल्या. त्यानंतर सुरेखाने नोकरी सोडली. बाया ठेवून पाहिल्या, पण आजी, आम्ही सगळे सासूबाईंना आजीच म्हणायचो, परक्या हाताने घास घेत नसत, एका बाईला तर त्यांनी ओरबाडलं. दिलीपभाऊजी, म्हणजे सुरेखाचे यजमान, अंधेरीला कारखान्यात सुपरवायझर. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मधला सगळा दिवस सुरेखा आणि आजी. वन रूम किचन, तिसरा मजला. खिडकीतून पूर्वी नॅशनल पार्कची हिरवी रेघ दिसायची. मग समोर नवा टॉवर उभा राहायला लागला आणि एकेक स्लॅब चढत ती रेघ गेली. ‘‘वंदे, माझं आकाश बिल्डरने घेतलं गं,’’ ती फोनवर म्हणाली होती. हसून म्हणाली होती.

पॉडकास्ट तिला माझ्या मुलीने लावून दिले. ‘‘मावशी, बघायचं काही नाही, नुसतं ऐकायचं. काम करता करता.’’ सुरेखाने इयरफोनची एकच बाजू कानात घालायला सुरुवात केली, डाव्या कानात. उजवा कान आजींसाठी मोकळा. पहिल्यांदा तिने ऐकला तो मनःस्वास्थ्यावरचा एक कार्यक्रम. मागे बासरी आणि मधाळ आवाजाच्या एक बाई. दुसऱ्या दिवशी फोनवर मला त्या बाईंची नक्कल ऐकवली. ‘‘डोळे मिटा... दीर्घ श्वास घ्या... सोडा... आणि आता हळूच सासूबाईंचा डायपर बदला...’’ मी ऑफिसात तोंडावर रुमाल धरून हसले. मग ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, ‘‘त्या म्हणतात, रोज सकाळी स्वतःला विचारा, आज मला काय हवंय. मी विचारलं. मोठ्याने विचारलं बरं का. म्हटलं, मला दार उघडून खाली जायचंय. तर आई पलंगावरून म्हणाल्या, मगे जा मा!’’ आणि पुन्हा हसली. तरी तो कार्यक्रम तिने सोडला नाही. श्वासाचं ते खरंच बरं वाटतं म्हणायची. आजी संध्याकाळी बिथरल्या, शिव्या द्यायला लागल्या, की ही ओट्याला टेकून डोळे मिटायची आणि चार श्वास घ्यायची. पाचव्याला हाक यायचीच.

दुसरा एक कार्यक्रम होता चित्रं काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, गाणाऱ्या लोकांचा. त्यात कोणीतरी म्हणालं, की जागा नाही, वेळ नाही, तर जे हाताशी आहे त्यातून रोज थोडं काहीतरी करा. सुरेखाच्या हाताशी काय, तर आवाज. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये ती फोनमध्ये नकला रेकॉर्ड करायला लागली. खालचा वॉचमन, हंसाबेन, भंगारवाला, टॉवरचं ड्रिलिंग मशीन. ड्रिलिंग मशीन तर इतकं हुबेहूब, की एकदा खरं मशीन बंद असताना भाऊजींनी खिडकी लावून घेतली.

पण तिचा जीव जडला तो उपनगरातल्या माणसांच्या पॉडकास्टवर. दोन तरुण मुली माईक घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरायच्या आणि माणसांना बोलतं करायच्या. सुरेखा त्याला ‘आपल्या पोरींचा कार्यक्रम’ म्हणायची. गोराईच्या एक कोळीण आजी सुकी मासळी वाळवताना बोलल्या, मुलुंडमधल्या एका बौद्ध वस्तीतल्या बायकांनी त्यांचं वाचनालय कसं उभं राहिलं ते सांगितलं, घाटकोपरच्या डोंगरावर पाणी चढवणारी माणसं बोलली. ‘‘अगं वंदे, गोराई इथून रिक्षाने किती गं? जेट्टीपर्यंत तर पोरं सायकलने जातात. आणि मी त्या आजीला कानातून भेटतेय,’’ ती म्हणाली. ज्या गावात राहते ते गाव तिला असं ऐकून कळत होतं.

त्या मुलींनी एकदा ऐकणाऱ्यांना सांगितलं, की तुमच्या घरातले आवाज आम्हाला पाठवा. सुरेखाने बिल्डिंगची सकाळ पाठवली. सगळे आवाज तिचेच, दुधवाल्यापासून आजींपर्यंत. दुसऱ्याच दिवशी त्या दोघींमधल्या सायलीचा फोन आला. ‘‘ताई, हे तुम्ही एकटीने केलंत? तुम्ही अंधेरीला आमच्या स्टुडिओत याल?’’

स्टुडिओत जायचं ठरलं त्या दिवशी मी रजा घेऊन सकाळीच तिच्याकडे गेले. भाऊजीही अर्धा दिवस घरी थांबले होते. सुरेखाने निळी साडी नेसली होती, लिपस्टिक लावली होती, टिकली तिरकी लागली होती, ती मीच नीट केली. आजी शांत होत्या, खिमट खाऊन बसल्या होत्या. सुरेखाने चप्पल घातली आणि आजींनी मान वर केली. ‘‘खंय चललंस गो? माका एकटा टाकून खंय चललंस?’’ भाऊजी म्हणाले, ‘‘आई, मी आहे ना.’’ आजींनी मुलाकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. त्या एकदम उठल्या, सुरेखाच्या दिशेने धावल्या आणि उंबऱ्याजवळ पडल्या. कपाळाला खोक पडली. सुरेखा जिन्याच्या चार पायऱ्या उतरली होती. ती वर आली. जखम धुतली, हळद दाबली, डॉक्टरांना बोलावलं. मग बेसिनशी जाऊन लिपस्टिक पुसून टाकली. भाऊजी म्हणाले, ‘‘तू जा अजूनही. आम्ही बघतो.’’ ती म्हणाली, ‘‘राहू दे.’’ तेवढंच.

त्या मुली शहाण्या. ‘‘ताई, मग आम्हीच येतो ना तुमच्याकडे,’’ सायली म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात दोघी आल्या. मी चहा करायला होते. पंखा बंद, खिडक्या बंद, टॉवरच्या मशीनमुळे गाद्या भिंतीला उभ्या केलेल्या. त्या उकाड्यात सुरेखा अशी खुलली... मंडपातली सुरेखाच समोर बसली होती. मुलींची हसून मुरकुंडी वळली. मग सायलीने सहज विचारलं, ‘‘आणि ताई, दिवसभर घरात तुम्ही काय बोलता? म्हणजे तुमच्या स्वतःच्या आवाजात?’’ मला वाटलं, टाळेल.

‘‘काही नाही बोलत,’’ ती म्हणाली. ‘‘मी अडकलेय गं. सासू वाईट नाही माझी. नवरा वाईट नाही. कोणीच वाईट नाही, म्हणून तर कुठे जाता येत नाही. वाईट असते तर भांडून गेले असते ना. कधीकधी वाटतं, ह्या सुटल्या म्हणजे मी सुटेन. असं मनात आलं, की मग दिवसभर त्यांचे पाय दाबत बसते.’’

आतून आजी काहीतरी ओरडल्या. माईकमध्ये तेही गेलं.

मुली गेल्यावर सुरेखा मला सोडायला जिन्यापर्यंत आली. ‘‘शेवटचं काढायला सांगू का? ह्यांनी ऐकलं तर...’’ मी म्हटलं, ‘‘खोटं बोललीस का काही?’’ तिने नाही म्हणून मान हलवली. ‘‘मग राहू दे,’’ तिचं तीच म्हणाली. पण भाऊजींना तिने काही सांगितलं नाही. त्यांना ते कळलं कारखान्यात, कोणीतरी ‘वहिनी काय भारी बोलल्या’ म्हटल्यावर. संध्याकाळी घरी येण्याआधी ते सोसायटीच्या बाकावर बसून पूर्ण भाग ऐकून आले, हे त्यांनी मला आता, ती गेल्यावर सांगितलं. तो भाग ऐकल्यावर दोन-तीन दिवसांनी ते सुरेखाला म्हणाले, ‘‘गुरुवारी मी लवकर येत जाईन. सांगितलंय साहेबांना. तू जा कुठेतरी.’’ सुरेखाने विचारलं, ‘‘कुठे?’’ ते म्हणाले, ‘‘ते मला सांगूच नकोस.’’

पहिल्या गुरुवारी आजी झोपल्याची खात्री करून ती बाहेर पडली आणि मला तिचा फोन आला. ‘‘वंदे, मी खाली उभी आहे. आता काय करायचं असतं?’’ हे नक्कल करून म्हटलेलं नव्हतं. ती नाक्यापर्यंत गेली, उसाचा रस प्यायली आणि परत आली. पुढच्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघून तिला गोराई जेट्टीवर नेलं. बोटी जात-येत होत्या, पलीकडच्या किनाऱ्यावर ऊन होतं. मी म्हटलं, ‘‘चल, पलीकडे जाऊन येऊ.’’ ती तिकीट खिडकीपर्यंत आली आणि थांबली. ‘‘नको. पाण्याच्या मध्ये असताना फोन आला तर?’’ आम्ही कठड्याशीच उभ्या राहिलो. बायका टोपल्या उतरवताना मोठमोठ्याने बोलत होत्या, तिला आवडायची तशाच बोलीत. मी म्हटलं, ‘‘ऐक ना, तुझ्या त्या कोळीण आजीसारखंच बोलतायत.’’ ती म्हणाली, ‘‘ऐकू येत नाहीये गं नीट. कान तिकडेच आहे.’’

बोटीत पुढच्या वेळी बसायचं ठरलं होतं.

तिला जाऊन आता काही आठवडे झाले. दिवसा एक बाई येते. आजी तिच्या हातचा घास घेतात. ओरबाडत नाहीत, कारण आता परकं कोण आणि आपलं कोण हेच त्यांच्यात उरलेलं नाही. मुलगा बंगळुरूहून पैसे पाठवतो, भाऊजींना कारखान्याने पहिली पाळी दिली आहे. सुरेखा असताना जे कशानेच जमत नव्हतं, ते ती गेल्यावर पंधरवड्यात जमून गेलं... याचा राग कोणावर काढायचा, मला कळत नाही. कोणीच वाईट नाही, हे तिचं वाक्य मी मनात फिरवत राहते आणि ते खरंच असल्यामुळे जास्त चिडते.

गुरुवारी संध्याकाळी मी तिकडे जाते. भाऊजींना म्हटलं, तुम्हीही जरा बाहेर जात जा. ते आधी नको म्हणाले, आता जातात. कुठे, ते मी विचारत नाही. आजी आणि मी दोघीच असतो. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, ‘‘सुरेखा खंय गेली?’’ आणि मी खरं सांगितलं. त्या लहान मुलासारख्या रडल्या, मग विसरल्या, मग पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं, त्या पुन्हा तितक्याच रडल्या. त्यानंतर मी खरं सांगणं सोडलं.

गेल्या गुरुवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘बाहेर गेलीय, आजी.’’

मला वाटलं, आता उठतील, दाराकडे धावतील. मी पुढे सरकून बसले. आजी समोरच्या टॉवरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘जांवदे. घरात बसान बसान कंटाळली आसतली. फिरांदे तिका.’’

आणि माझं मनगट धरून त्यांनी मला आपल्याजवळ ओढलं. ‘‘तू मातर हंयसर बस. खंय जाव नको.’’

मी बसले. हळूच हात सोडवून बघितला, तर त्यांची पकड आणखी घट्ट झाली. पर्समध्ये माझा फोन वाजायला लागला, वाजून वाजून बंद झाला. भाऊजींना यायला अजून पुष्कळ वेळ होता.